आधी तराजू, मग ऊन

मतदान केंद्रावर डाव्या हाताच्या तर्जनीवर शाईची रेघ ओढतात, तेव्हा ती जांभळट असते. घरी पोचेपर्यंत ती काळपट होते. मग साबण, लिंबू, रॉकेल कशालाच दाद देत नाही. नख वाढेल तशी पुढे सरकत जाते आणि एक दिवस नखासोबत कापली जाते. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात तयार होणाऱ्या या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीवरच्या मिठाशी त्याचा संयोग होऊन सिल्व्हर क्लोराइड बनतं, त्याच्यावर उजेड पडतो, चांदीचे सूक्ष्म कण मोकळे होतात आणि काळे दिसू लागतात. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज संशोधकाने १८३४ पासून लॅकॉक ॲबी या आपल्या वाड्यात नेमकं हेच कागदावर घडवून आणलं. मीठ, चांदी आणि ऊन, एवढ्या सामग्रीवर कागदी छायाचित्रण सुरू झालं. म्हणजे मतदान केलेल्या प्रत्येक भारतीयाने छायाचित्रणाची एक जुनी कृती स्वतःच्या बोटावर करून घेतलेली आहे.

ही आणि अशा कितीतरी जुन्या कृती गेली काही दशकं पुन्हा केल्या जात आहेत. सायनोटाइप, सॉल्ट प्रिंट, व्हॅन डाइक ब्राउन, गम बायक्रोमेट, प्लॅटिनम अशी त्यांची नावं. कला महाविद्यालयांत त्यांच्या कार्यशाळा होतात. गोव्यात तर 'गोवा सेंटर फॉर अल्टरनेटिव्ह फोटोग्राफी' ही संस्थाच या कामासाठी उभी राहिली. अशा कार्यशाळांची छायाचित्रं पाहिली तर त्यांत हमखास दिसतं ते ऊन, काचेची चौकट आणि पाण्याच्या ट्रेमध्ये उमटत जाणारा निळा रंग. दिसत नाही तो त्याआधीचा भाग, म्हणजे तराजू, तपकिरी बाटल्या, चिकटवलेली लेबलं आणि पिवळ्या बल्बखाली कागदावर फिरणारा ब्रश. माझ्या मते अर्धं चित्र तिथेच ठरतं. कारण या पद्धतींत कारखान्यातून तयार आलेला फोटोपेपर नसतो. कागद प्रकाशाला संवेदनशील करण्याचं काम आपल्यालाच करावं लागतं, आणि त्या रसायनाचे गुण-दोष, खर्च आणि धोका हे सगळं मग आपल्या घरात येतं.

म्हणून या पद्धतींची ओळख त्यांच्या रंगांवरून करून घेण्यापेक्षा त्यांच्या धातूंवरून करून घेतलेली बरी. मुख्य घराणी तीन: लोह, चांदी आणि क्रोमियम.

लोह: टॉनिकच्या बाटलीतून

खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये सायनोटाइपची कृती रॉयल सोसायटीपुढे मांडली. त्यासाठी त्यांनी वापरलेलं फेरिक अमोनियम सायट्रेट तेव्हा औषध म्हणून नुकतंच प्रचारात येत होतं. आजही लोहाच्या काही टॉनिकांच्या बाटल्यांवरचं लेबल नीट वाचलं, तर तेच नाव सापडतं. रक्त वाढवायला दिलं जाणारं लोह उन्हात कागद निळा करतं, ही सायनोटाइपची सगळ्यांत सुखद बाब आहे.

दुसरं रसायन पोटॅशियम फेरिसायनाइड. त्याचे स्फटिक माणकासारखे लाल असतात. नावात सायनाइड असल्याने लोक दचकतात. पण या संयुगात सायनाइड लोहाला घट्ट बांधलेलं असतं आणि साध्या हाताळणीत ते फारसं विषारी नाही. मात्र तीव्र आम्लात मिसळलं किंवा आम्लासह तापवलं, तर हायड्रोजन सायनाइड हा जीवघेणा वायू सुटू शकतो. म्हणून फेरिसायनाइडची बाटली आणि आम्लाची बाटली एका फळीवर ठेवायची नाही, हा पहिला नियम.

रूढ कृती अशी. एका बाटलीत १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट. दुसऱ्या बाटलीत १०० मिली पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही द्रावणं वेगवेगळी ठेवली तर तपकिरी बाटलीत बरेच दिवस टिकतात. एकत्र केली की मात्र वेळ मोजायला लागायचं; लागेल तेवढंच, समसमान घेऊन, त्याच दिवशी संपवायचं. फेरिक अमोनियम सायट्रेट हिरवं आणि तपकिरी अशा दोन रूपांत मिळतं. प्रकाशाला जास्त तत्पर असतं ते हिरवं, त्यामुळे छपाईसाठी तेच मागावं.

कागदावर घडतं ते थोडक्यात असं. उन्हातले अतिनील किरण पडले की सायट्रेटकडून एक इलेक्ट्रॉन लोहाकडे जातो आणि फेरिक लोहाचं फेरस होतं. हे फेरस लोह शेजारच्या फेरिसायनाइडशी जुळून प्रशियन ब्लू तयार करतं. हा रंग पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो कागदाच्या तंतूंत अडकून राहतो. जिथे ऊन पोचलं नाही तिथलं पिवळट-हिरवं द्रावण साध्या पाण्याने वाहून जातं. वेगळा डेव्हलपर लागत नाही, फिक्सरही लागत नाही. पाण्यातला पिवळेपणा संपेपर्यंत धुणं एवढंच काम. संवेदनशीलता अतिनील किरणांपुरती असल्याने लेप देताना डार्करूमचीही गरज नसते. पडदे ओढलेल्या खोलीत साधा पिवळा बल्ब पुरतो.

पहिल्यांदा करणाऱ्याची फसगत ठरलेली असते. उन्हात कागद निळा दिसायला लागला की चित्र झालं असं वाटतं आणि तो घाईने उचलला जातो. धुतल्यावर हाती येतो तो फिका, आजारी निळा. खरी खूण वेगळी आहे. गडद भाग निळ्याच्या पलीकडे जाऊन राखाडी, धातूसारखे दिसू लागले पाहिजेत. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात याला साधारण पाच ते पंधरा मिनिटं लागतात. निगेटिव्ह किती दाट आहे त्यावर ते अवलंबून. धुऊन वाळलेल्या चित्राचा निळा हवेतल्या ऑक्सिजनने पुढे साधारण दिवसभर आणखी गडद होत जातो.

हर्शेल यांनी ही पद्धत शोधली तरी तिचं सोनं केलं ॲना ॲटकिन्स या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी. त्यांचे वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रन यांचा हर्शेल आणि टॅल्बट या दोघांशी परिचय होता. समुद्रशैवालाचे बारीक तंतू हाताने रेखाटणं जवळजवळ अशक्य. ॲटकिन्सबाईंनी शैवालच थेट लेप दिलेल्या कागदावर ठेवलं आणि उन्हात धरलं. ऑक्टोबर १८४३ मध्ये त्यांच्या ब्रिटिश शैवालांच्या पुस्तकाचा पहिला भाग निघाला आणि १८५३ पर्यंत काम चालू राहिलं. त्यातला मजकूरही त्यांच्याच हस्ताक्षरात सायनोटाइपने छापलेला आहे. छायाचित्रांनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून त्याचा मान आहे. टॅल्बट यांचं 'द पेन्सिल ऑफ नेचर' १८४४ मध्ये निघू लागलं.

पुढे याच निळ्याने स्थापत्याची कचेरी व्यापली. पुलाचा, बंगल्याचा, यंत्राचा मूळ आराखडा पारदर्शक कागदावर काढायचा आणि त्याच्या हव्या तितक्या निळ्या प्रती काढायच्या. आपल्या अभियंत्यांच्या तोंडी ती 'ब्लूप्रिंट' किंवा 'फेरो प्रिंट'. नंतर अमोनिया प्रिंट आली, त्यानंतर प्लॉटर. सायनोटाइपला नोकरीतून निवृत्ती मिळाली आणि ती कलावंतांच्या हाती परत आली.

या घराण्यात एक सुधारणा नोंदवण्यासारखी आहे. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ माइक वेअर यांनी सायट्रेटऐवजी अमोनियम आयर्न ऑक्सलेट वापरून 'न्यू सायनोटाइप' तयार केली. तिला ऊन कमी लागतं आणि लेप कागदात चांगला मुरतो. मात्र ऑक्सलेट विषारी आहे आणि कृती करायला अधिक कौशल्य लागतं. सुरुवातीला जुनीच बरी.

चांदी: महाग, सुंदर, हट्टी

सॉल्ट प्रिंटची कृती ऐकायला अगदी सोपी. कागद आधी साधारण दोन टक्के मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवायचा. मग मंद उजेडात त्यावर साधारण १२ टक्के सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण फिरवायचं आणि अंधारात वाळवायचं. निगेटिव्हखाली उन्हात ठेवलं की तांबूस-तपकिरी चित्र थेट डोळ्यांसमोर उमटतं.

यात क्रम आणि प्रमाण दोन्ही महत्त्वाचे. टॅल्बट यांच्या आधी अनेकांनी चांदीचे क्षार कागदावर लावून पाहिले होते. टॅल्बट यांच्या ध्यानात आलं की मीठ कमी आणि चांदी जास्त असेल तर कागद झपाट्याने काळा होतो. उलट मीठ भरपूर असेल तर तो प्रकाशाला जवळजवळ बधिर होतो. वरच्या कृतीत दोन्ही द्रावणं सारख्या मापात कागदावर बसली, तर रेणूंच्या हिशेबाने चांदी मिठाच्या दुपटीच्या आसपास जाते. हीच उरलेली चांदी चित्राला जोर देते. पुढे टॅल्बट यांनी मिठाचा उलटा गुणही वापरला: तयार झालेलं चित्र मिठाच्या दाट पाण्यात बुडवून ते आणखी काळं होण्यापासून बऱ्याच अंशी थोपवलं.

कायमचा उपाय मात्र हर्शेल यांच्याकडे होता. सोडियम थायोसल्फेट चांदीचे क्षार विरघळवतं हे त्यांनी १८१९ मध्येच नोंदवलं होतं. १८३९ मध्ये छायाचित्रणाची बातमी फुटली तेव्हा त्यांनी ते टॅल्बट यांना सांगितलं. तेच आपलं 'हायपो', जे पुढे शंभर-सव्वाशे वर्षं प्रत्येक फोटो स्टुडिओच्या मोरीत वास मारत राहिलं.

सिल्व्हर नायट्रेट डिस्टिल्ड पाण्यातच विरघळवायला हवं. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे द्रावण लगेच दुधाळ होतं, आणि ते दूध म्हणजे वाया गेलेली चांदी. वजनाने पाहिलं तर सिल्व्हर नायट्रेटचा साडेत्रेसष्ट टक्के भाग शुद्ध चांदीच असतो. तोळाभर घेतलं तर सुमारे ७.४ ग्रॅम. त्यामुळे चांदीचा भाव चढला की सॉल्ट प्रिंट करणाऱ्याचा हात आखडतो.

खर्चापेक्षा मोठी गोष्ट डोळ्यांची. बोटावर डाग पडला तर चामडी झडेपर्यंत थांबता येतं. पण द्रावणाचा थेंब डोळ्यात गेला तर इजा कायमची होऊ शकते. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय ही बाटली उघडायची नाही.

चांदीचं हे रसायन भारतात लवकर पोचलं. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या वर्तुळातले नामांकित छायाचित्रकार. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचे वर्ग निघाले आणि हरिचंद चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक त्यातून तयार झाले. आपल्या उन्हाळ्यात द्रावणं लवकर बिघडतात, लेप भराभर वाळतो, घामाचे थेंब कागदावर पडतात. अशा तक्रारी त्या काळच्या छायाचित्रकारांच्या लिखाणात वारंवार भेटतात. म्हणूनच फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांची मेणकागदाची निगेटिव्ह इथे आवडली. तिचा कागद काही दिवस आधी तयार करून ठेवता येई. आग्र्याचे डॉक्टर जॉन मरे यांनी ताजमहालाची भव्य छायाचित्रं अशाच मेणकागदावर टिपली. त्याउलट फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांची ओल्या कलोडियनची काच लेप वाळायच्या आत टिपून धुवावी लागे, म्हणजे सगळी प्रयोगशाळा तंबूत घालून सोबत न्यावी लागे.

छपाईच्या कागदात चांदीची पुढची पायरी अंड्यातल्या पांढऱ्या बलकाची. फ्रान्सच्या ब्लांकार-एव्हरार यांनी १८५० मध्ये तो मिठासह कागदावर लावला. लेप कागदात मुरण्याऐवजी वर राहिला, तपशील धारदार झाले, चकाकी आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले बहुतेक जुने फोटो याच अल्ब्युमिन कागदावरचे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनला त्याचे कारखाने उभे राहिले आणि तिथे वर्षाला लाखो अंडी फुटत होती. आपल्या संग्रहालयांत किंवा जुन्या घराण्यांच्या अल्बममध्ये पिवळट झालेले, कडा वळलेले फोटो दिसतात, ते बरेचदा याच जातीचे.

लोह आणि चांदी यांचा संकर म्हणजे व्हॅन डाइक ब्राउन. त्याचं मूळही हर्शेल यांच्या १८४२ च्या प्रयोगांत आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट ९ ग्रॅम, टार्टरिक ॲसिड दीड ग्रॅम आणि सिल्व्हर नायट्रेट सुमारे ४ ग्रॅम, प्रत्येक वेगळ्या पाण्यात विरघळवून, चांदीचं द्रावण सर्वांत शेवटी ढवळत ढवळत घालायचं आणि एकूण १०० मिली करायचं. उन्हाने लोह फेरस होतं आणि तेच फेरस लोह चांदीला धातुरूपात आणतं. रंग काथासारखा गडद तपकिरी येतो. १८७३ मध्ये विल्यम विलिस यांनी पेटंट घेतलेली प्लॅटिनम छपाईही याच तत्त्वावर चालते, फक्त चांदीच्या जागी प्लॅटिनम. ती छायाचित्रं सर्वांत टिकाऊ मानली जातात, आणि खिशाला सर्वांत जड.

क्रोमियम: छापखान्याचं रसायन

तिसरं घराणं महाराष्ट्राच्या छापखान्यांत सर्वांत खोल शिरलेलं, आणि सर्वांत धोक्याचं. १८३९ मध्ये स्कॉटलंडच्या मंगो पाँटन यांच्या लक्षात आलं की पोटॅशियम डायक्रोमेट लावलेला कागद उन्हात काळवंडतो. खरा शोध त्यापुढचा. डायक्रोमेट डिंकात, जिलेटिनात किंवा अंड्याच्या पांढऱ्या बलकात मिसळलं आणि उन्हात धरलं, तर तो पदार्थच घट्ट होतो; पाण्यात विरघळेनासा होतो. फ्रान्सच्या अल्फोन्स प्वातव्हां यांनी १८५५ मध्ये यावरच कार्बन आणि डिंकाच्या छपाईची पायाभरणी केली.

गम बायक्रोमेटमध्ये (बायक्रोमेट हे डायक्रोमेटचंच जुनं नाव) डिंकाच्या पाण्यात जलरंग कालवायचा, डायक्रोमेटचं संपृक्त द्रावण मिसळायचं, कागदावर लावून उन्हात धरायचं आणि पाण्यावर उलटा तरंगत ठेवायचा. ऊन न लागलेला डिंक रंगासह गळून जातो. एकावर एक थर देता येतात, ब्रशने हवं तिथे उजळ करता येतं. यामुळेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट डेमाशी यांच्यासारख्यांना छायाचित्राचं चित्र करण्याचं हे उत्तम साधन वाटलं. पोटॅशियम डायक्रोमेट खोलीच्या तापमानाला १०० मिली पाण्यात १२-१३ ग्रॅमच विरघळतं; अमोनियम डायक्रोमेट त्याच्या दुपटीहून अधिक, म्हणून त्याची संवेदनशीलता जास्त. पण तेच अमोनियम डायक्रोमेट शाळेच्या प्रदर्शनात ज्वालामुखीचा प्रयोग करताना पेटवलं जाई, हेही लक्षात ठेवावं.

हे रसायन छापखान्यांनी उचललं. एकोणिसाव्या शतकात पुण्यातल्या सरकारी फोटोझिंकोग्राफिक कचेरीत मुंबई इलाख्याचे नकाशे छापले जात. नकाशाची निगेटिव्ह डायक्रोमेट-जिलेटिनच्या कागदावर उतरवायची, वर तेलकट शाई फिरवायची, धुऊन मऊ भाग काढायचा आणि उरलेल्या रेषा जस्ताच्या पत्र्यावर चढवायच्या. आजचं शासकीय फोटोझिंको मुद्रणालय त्याच परंपरेतलं. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी ब्लॉक आणि छपाईच्या धंद्यात होते. त्या काळचे जस्ताचे ब्लॉकही डायक्रोमेट मिसळलेल्या चिकट थरावर उजेडाने आकृती उतरवूनच तयार होत. अलीकडे गावोगावी लग्नपत्रिका आणि टी-शर्ट छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानांतही जाळीवर लावायच्या इमल्शनमध्ये बायक्रोमेटच वापरलं जात आलं. डायक्रोमेट आपल्याला नवीन नाही. फक्त ते काय आहे हे कुणी सांगितलं नाही.

ते सांगायलाच हवं. डायक्रोमेटमधलं षट्संयोजी क्रोमियम कर्करोगजनक आहे. त्वचेवर ते न भरणारे व्रण करतं, त्याची भुकटी श्वासात गेली तर नाक आणि फुप्फुसं धोक्यात येतात. युरोपीय संघात २०१७ पासून खास परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. तमिळनाडूत राणीपेटला बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याच्या कचऱ्याने भूजल दूषित झालं. छंदासाठी वापरलेले पाच-दहा ग्रॅम त्याच्यापुढे नगण्य वाटतील. पण ते नाल्यात सोडणारा हात आपला असतो.

पाणी, कागद, पावसाळा

पुस्तकातली कृती इथल्या घरात आणली की अडचणी वेगळ्याच उभ्या राहतात. मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर रसायनांच्या दुकानात गेलं की एलआर हवं की एआर, हे ठरवावं लागतं. एलआर म्हणजे प्रयोगशाळेचा साधा दर्जा, एआर म्हणजे विश्लेषणाचा शुद्ध दर्जा. सायनोटाइपला एलआर चालतं. चांदीच्या कामात अशुद्धता लगेच डागांच्या रूपाने बाहेर येते, तिथे एआर घेतलेलं बरं.

बोअरवेलच्या जड पाण्यात सायनोटाइप धुतली तर निळा फिका पडतो, कारण प्रशियन ब्लू अल्कलीपुढे टिकत नाही. पाण्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड टाकलं की काम भागतं. जमिनीवरचे डाग धुण्याच्या सोड्याने निघतात, त्याचं कारणही हेच. कागदाचीही तीच गोष्ट. टिकाऊपणासाठी चांगल्या कागदांत चुनखडीची पूड घातलेली असते. ती चुनखडी निळ्याची शत्रू. सुती लगद्याचा हातकागद उत्तम, पण त्याला खळ नसेल तर द्रावण आत शोषलं जातं आणि चित्र विझल्यासारखं दिसतं. तेव्हा आधी जिलेटिनची किंवा आरारूटची पातळ खळ द्यावी.

पावसाळ्यात कोकणात फेरिक अमोनियम सायट्रेटची बाटली उघडी राहिली तर ते हवेतलं पाणी शोषून गोळा होतं, आणि तयार द्रावणावर बुरशीची साय धरते. लेप दिलेला कागद वाळत नाही, आणि ओलसर राहिला की उन्हाआधीच निळसर झाक धरतो. म्हणून जून ते सप्टेंबर द्रावण थोडं करावं, कागद पंख्याखाली वाळवून त्याच दिवशी वापरावा, आणि बाटलीवर नाव, प्रमाण आणि तारीख लिहावी. तारीख नसलेली बाटली ओतून दिलेली बरी.

ओतणं हा शेवटचा भाग, आणि तो कृतीत कुणी लिहीत नाही. लोहाचं धुवण घरगुती प्रमाणात फारसा त्रास देत नाही. चांदीच्या उरलेल्या द्रावणात मीठ टाकलं की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका खाली बसतो. तो गाळून साठवावा. वापरलेल्या हायपोतही चांदी असते आणि जुन्या एक्स-रे फिल्म घेणारे लोक तिची किंमत जाणतात. डायक्रोमेट मात्र कधीच थेट मोरीत नाही. आम्लयुक्त पाण्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालून त्याचा नारिंगी रंग हिरवा करतात. षट्संयोजी क्रोमियम तेव्हा कमी घातक त्रिसंयोजी होतं. तरीही तो कचरा प्रयोगशाळेच्या व्यवस्थेकडेच जायला हवा. ज्याच्याकडे तशी सोय नाही, त्याने डायक्रोमेट आणूच नये.

सुरुवात करणाऱ्याला म्हणून एवढंच सांगावंसं वाटतं. पहिलं वर्ष लोहाबरोबर काढा. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू घ्या, स्वयंपाकघरातला चमचा नको आणि तिथली भांडीही नकोत. प्रत्येक कागदाच्या मागे द्रावण, वेळ आणि ऊन पेन्सिलीने लिहा. लोहावर हात बसला, की चांदीकडे चष्मा आणि हातमोजे घालून जा. क्रोमियमला शक्यतो हात लावू नका. त्याच्यावाचून करता येण्याजोगं काम आयुष्यभर पुरेल इतकं आहे. आणि शाळा-महाविद्यालयांच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना विनंती आहे: सायनोटाइपचा प्रयोग प्रात्यक्षिकांत घ्या. दोन बाटल्या, एक तराजू, एक झाडाचं पान आणि दुपारचं ऊन, एवढ्यावर तो होतो, आणि फेरिक-फेरसचा धडा विद्यार्थी आपल्या हातांनी शिकतात.